वाचकांचे प्रश्न : झोपेत चालतो, पण मोजायचं कसं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला, वय ३४, शेती करतो, कापूस-तूर अन विहिरीवर थोडा गहू-हरभरा. लहानपणी मी झोपेत चालत होतो असं माय सांगते, मंग ते बंद झालं होतं, आता मागच्या रब्बीपासून पुन्हा सुरू झालं. बायको म्हणते तुम्ही उठता, डोये उघडेच असतात, सरळ कोठ्यात जाता अन बैलाचं दावं सोडाले बसता, हाक मारली तर "हो हो, लाईन आली" असं कायतरी बोलता अन परत येऊन झोपता. मले सकाळी कायीच आठवत नाई, पायाले शेण दिसते तवा पटते. म्हणून स्मार्टवॉच घेतलं, मोबाईलमधे ॲप पण टाकलं. तर ज्या रात्री कोठ्यात गेलो त्या रात्रीचा स्कोर चांगला येते अन ज्या रात्री गपचिप झोपलो त्या रात्रीचा खराब, मंग ते मोजून काय रायलं? कॅलेंडरवर फुल्या मारतो तर कधी रातचे साडेअकरा, कधी पहाटचे चार, कायी ताळमेळच नाई. वाढून रायलं का कमी होऊन रायलं हे कसं समजाव? मायचं म्हणणं बाहेरचं हाय, बाबाकडं चाल. डॉक्टरकडं गेलो तर दाखवू काय, दिवसा तर मी चांगला असतो.

उत्तर : भाऊ, मोजायचं सांगतेच, पण त्याच्या आधी आज संध्याकाळीच करायचं काम सांगते. तुम्ही घराबाहेर जाऊन येता आणि तुम्हाला जाग येत नाही, म्हणजे विहीर, मोटरचा स्टार्टर, बैलाची शिंगं सगळं तुमच्या वाटेवर आहे. दाराची नेहमीची कडी तुमच्या हाताला पाठ आहे, झोपेतही हात बरोबर तिथंच जातो, म्हणून दुसरी कडी वेगळ्याच जागी, खाली गुडघ्याच्या उंचीवर बसवून घ्या. पण कुलूप लावून चावी कुठं तरी दडवून ठेवायचं नाही, रात्री काही पेटलं, साप निघाला तर घरच्यांना पटकन बाहेर पडता आलं पाहिजे. विळा, कुऱ्हाड, गाडीची चावी आणि फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात. आणि उन्हाळ्यात कितीही गरम होऊ द्या, बिनकठड्याच्या गच्चीवर झोपणं तुमच्यासाठी बंद म्हणजे बंद.

आता तुमच्या त्या ताळमेळ नसलेल्या फुल्या. मला वाटतं ताळमेळ आहे, फक्त तुम्ही चुकीचं घड्याळ पाहून राहिले. झोप लागली की माणूस साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी झोपतो, आणि सगळ्यात गाढ झोप पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच जास्त असते, पहाटेकडे ती कमी होत जाते आणि स्वप्नांची झोप वाढते. झोपेत चालणं बहुतेक वेळा होतं ते त्या गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्यामुळं. मेंदूचा हातपाय चालवणारा भाग उठतो, विचार करणारा आणि लक्षात ठेवणारा भाग झोपलेलाच राहतो, म्हणून डोळे उघडे, चाल नीट, दाव्याची गाठ पण बोटांना सापडते आणि सकाळी डोकं कोरं. ही काही कल्पना नाही, २००० साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी एका मुलाचं झोपेतलं चालणं सुरू असतानाच त्याच्या मेंदूतला रक्तपुरवठा तपासला होता, काही भाग जाग्यासारखा आणि पुढचा विचाराचा भाग थंड, असंच दिसलं.

मग आता तुमचं पाहा. लाईन दिवसाची असते त्या आठवड्यात तुम्ही दहाला झोपता, साडेअकराला उठून चालता. लाईन रात्रीची असते तेव्हा ओलित करून, पाय धुऊन, अडीचला अंग टाकता आणि चारला चालता. दोन्हीकडे दीडच तास! घड्याळातले आकडे वेगळे दिसतात म्हणून तुम्हाला गोंधळ वाटतो. तुमच्या पत्रात झोपायच्या वेळा नाहीत, हे मी अंदाजानं लिहिते, पण तुमची रब्बीची गोष्ट वाचून मला असंच असेल असं वाटतं. म्हणून पहिला नियम हा की घटना किती वाजता झाली एवढंच लिहून भागत नाही, झोप लागल्यावर किती वेळानं झाली ते लिहायचं. झोपायची वेळ बायकोनं किंवा तुम्ही अंदाजे लिहिली तरी चालते, दहा-पंधरा मिनिटं इकडंतिकडं झाल्यानं काही बिघडत नाही.

दुसरा घोळ फुल्यांचा आहे. फुली नाही म्हणजे चाललो नाही असं तुम्ही धरता. पण जागलीसाठी वावरात एकटे झोपले, किंवा बायको माहेरी गेली, किंवा ती दिवसभर कापूस वेचून इतकी थकली की तिला तुमचं उठणं कळलंच नाही, त्या रात्रीचं काय? ती रात्र शून्य नाही, ती माहीत नसलेली रात्र आहे, तिला शून्य लिहिणं म्हणजे काट्यावर न चढवलेल्या गाडीच्या पावतीवर कापूस शून्य क्विंटल असं लिहिण्यासारखं. म्हणून तीन खुणा ठेवा: फुली म्हणजे झालं, गोल म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवून होतं आणि झालं नाही, आणि आडवी रेघ म्हणजे माहीत नाही. महिनाअखेर रेघा सोडून द्यायच्या आणि राहिलेल्या रात्रींपैकी किती फुल्या ते पाहायचं. वाढलं की कमी झालं ते तेव्हा कळतं, आणि तेही एका आठवड्यावरून नाही, निदान दोन-तीन महिन्यांवरून, कारण झोपेत चालणं झुंडीनं येतं, लागोपाठ होतं आणि मग कितीतरी दिवस पत्ताच नसतो.

स्मार्टवॉचबद्दल. ते मनगटाची हालचाल आणि नाडीचे ठोके पाहून अंदाज बांधतं, मेंदूच्या लहरी ते पाहत नाही, त्या पाहायला डोक्याला वायर लावाव्या लागतात. त्यामुळं "डीप स्लीप इतके मिनिटं" हा आकडा रोज वर-खाली झाला तर त्यावर जीव टांगू नका. ज्या रात्री कोठ्यात गेले त्या रात्री स्कोर चांगला येण्यात तर मला नवल वाटतच नाही, थकून झोपलेल्या माणसाची गाढ झोप वाढते आणि त्याच रात्री चालणं पण होतं, घड्याळ बिचारं गाढ झोपेचे मार्क देऊन मोकळं. त्यातलं कामाचं एकच, मध्यरात्रीची पावलं. ॲपमधे तासावारी स्टेप्स दिसत असतील तर रात्रीच्या तासांत किती पावलं पडली ते सकाळी पाहा. मात्र लघवीला उठल्याची पावलं पण त्यातच येतात, आणि चालत असताना तुम्ही झोपलेले आहात हे घड्याळाला कळत नाही, ते सरळ "अवेक" म्हणून टाकतं. त्याच्यापायी घड्याळाची पावलं हा फक्त इशारा, पुरावा नाही.

पुरावा स्वस्तात होतो. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालता ती घुंगरमाळ घरात कुठंतरी खुंटीला लटकलेली असेल, ती रात्री दाराच्या कडीला बांधा. कडीला हात लागला की घर जागं होतं, मोजणं पण झालं आणि राखण पण झाली. एकटे झोपणार त्या रात्री चुलीतली राख चाळून उंबरठ्याच्या आत हातभर रुंदीत पातळ पसरवा, सकाळी पाऊल उमटलं आहे का, कोणत्या दिशेनं गेलं आणि परत आलं का ते दिसतं. मांजर आणि कोंबड्या पण त्यावर नाचून जातात, पण मांजराचा पाय आणि तुमचा पाय यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको. जुना मोबाईल चार्जिंगला लावून दाराकडं तोंड करून व्हिडिओवर ठेवला तर उत्तमच, झिरोचा बल्ब लागेल एवढंच, आणि लाईट गेली की तो पण गेला. बायकोला विचारून ठेवा, आणि तो व्हिडिओ डॉक्टरशिवाय कोणाला दाखवायचा नाही, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही, लोकं हसतात आणि पोरांना शाळेत ऐकावं लागतं.

वहीत प्रत्येक घटनेचं काय लिहायचं तर झोप केव्हा लागली, किती वेळानं उठले, किती वेळ चाललं, डोळे उघडे होते का, काय बोलले, हाक मारल्यावर उत्तर सरळ दिलं का भलतंच, कुठपर्यंत गेले, आपण होऊन परत आले का आणावं लागलं, लागलं-खरचटलं का, आणि सकाळी तुम्हाला थोडं तरी आठवतं का, मोठ्या माणसांना कधीकधी तुकडे आठवतात, "लाईन आली" असं वाटलं होतं एवढं जरी आठवलं तरी लिहा. खाटेवर नुसतं उठून बसणं आणि विहिरीपर्यंत जाणं याला एकच फुली नको, घराबाहेर गेले तर फुलीभोवती गोल करा. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना आदल्या दोन रात्रींचा, किती तास झोपले. ताप होता का, दारू झाली का, घरात भांडण किंवा कर्जाची कटकट होती का, झोपेची गोळी घेतली का, हे पण एका शब्दात.

आदल्या रात्री कशाला, तर कमी झोप हे झोपेत चालण्याचं मोठं निमित्त आहे. जागरण झालं की पुढच्या झोपेत शरीर गाढ झोपेची उधारी वसूल करतं, आणि त्या गाढ झोपेतून नीट जाग येणं अवघड जातं. कॅनडात मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २००८ मधे छापलेल्या अभ्यासात झोपेत चालणाऱ्यांना २५ तास जागं ठेवून मग प्रयोगशाळेत झोपवलं, तेव्हा साध्या रात्रीपेक्षा कितीतरी जास्त घटना कॅमेऱ्यात सापडल्या. (घरी हा प्रयोग करायचा नाही, सांगून ठेवते.) तुमचा प्रयोग तर दर रब्बीत आपोआपच होऊन राहिला, रात्रीच्या लाईनीपायी. तुमच्या वहीत मला वाटतं असं दिसेल की फुल्या सलग दोन-तीन रात्री ओलित झाल्यावर गर्दी करतात. तसं दिसलं तर तुमचा निम्मा इलाज तिथंच आहे. लाईन तुमच्या हातात नाही हे मला माहीत आहे, मोबाईलवरून मोटर सुरू करायचं यंत्र लावलं तरी वाफ्यात पाणी फिरवायला माणूस लागतोच. पण भावासोबत, शेजाऱ्यासोबत पाळी लावून एकाआड एक रात्र करता येते, लाईन यायच्या आधी संध्याकाळी दोन तास झोपून घेता येतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली जे अंग टाकता ते निर्लज्जपणे दीड तास टाका, कोणी आळशी म्हटलं तर म्हणू द्या.

"झोपेपासून किती वेळानं" हा आकडा महिनाभरात पक्का झाला तर आणखी एक उपाय आहे. नेहमीच्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बायकोनं तुम्हाला हलवून पूर्ण जागं करायचं, दोन शब्द बोलायचं, पुन्हा झोपू द्यायचं, असं काही आठवडे रोज. हे लहान मुलांतच जास्त वापरून पाहिलेलं आहे, मोठ्यांत सगळ्यांनाच लागू पडेल असं मी म्हणणार नाही, आणि तुमच्या बायकोची झोप त्यात मोडते हा पण हिशोब धरा, ती पण दिवसभर वावरातच असते.

डॉक्टरकडं मात्र जाच, आणि वही आणि व्हिडिओ घेऊन जा, कारण तिथं एक रात्र झोपवून तपासणी केली तरी नेमकं त्या रात्री तुम्ही चालालच असं नाही. मोठ्या माणसात वर्षभरात झोपेत चालण्याचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास आहे, मुलांत पाच, म्हणजे तुम्ही काही जगावेगळे नाही, पण मोठेपणी परत सुरू झालं आणि घराबाहेर जाणं होतं म्हणून दाखवणं जरुरी आहे. डॉक्टर घोरण्याचं विचारतील, झोपेत श्वास अडकतो का ते बायकोला विचारतील, कारण श्वास अडकून गाढ झोप मोडली की त्यातूनही चालणं होतं आणि तेव्हा इलाज श्वासाचा करावा लागतो. गोळ्यांचं खरं सांगा. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी घेऊन लोकं झोपेत चाललेत, गाडी चालवलीय, त्यापायी अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१९ मधे त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. मेडिकलवाल्याकडून अशी पट्टी परस्पर आणली असेल तर आधी ते सांगा. एकाच रात्री तीन-चार वेळा, दर वेळी हुबेहूब तीच हालचाल, मिनिटभरातच संपणारी, अंग ताठ होणं, जीभ चावणं असं काही असेल तर ते चालणं नसून फिट असू शकते, तिथं व्हिडिओच कामी येतो.

आणि मायला माझा नमस्कार सांगा. तिनं लहानपणी पाहिलं होतं, आता तिला भीती वाटते, तिच्याशी भांडू नका. वही तिलाच वाचून दाखवा, बाहेरचं असतं तर ते ओलिताच्या पाळीचा हिशोब ठेवून आलं नसतं. पण भूत उतरवतो म्हणून मारहाण करणाऱ्या, धुरी देणाऱ्या बाबाकडं जाऊ नका, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

प्रश्न : आमच्याकडं परतवाड्याजवळ सगळे म्हणतात झोपेत चालणाऱ्याला उठवलं तर तो वेडा होतो. खरं हाय का?

उत्तर : नाही. पण एकदम हलवलं, ओरडलं, तोंडावर पाणी मारलं तर तो घाबरून हात उगारू शकतो, त्याला आपण कोण ते तेव्हा कळत नसतं. हळू आवाजात "चाल, इकडं ये, झोप" म्हणत खांद्याला धरून खाटेकडं वळवा. तो विहिरीच्या काठावर असेल तर मात्र हळू-बिळू काही नाही, धरा.

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची. रात्री उठून घराच्या कोपऱ्यात लघवी करते, डोळे उघडे असतात, सकाळी म्हणते मी केलीच नाही. सासू म्हणते नाटक करते. मी पण वही ठेवू का? तिच्या पप्पांना पण लहानपणी असंच होत होतं म्हणे. (वाशीम जिल्हा)

उत्तर : नाटक नाही बाई, सासूबाईंना सांगा. झोपेत चालणारी पोरं कोपऱ्यात, कपाटात लघवी करतात, त्यांना तो संडासच वाटत असतो. वडिलांचं सांगितलं ते बरं केलं. कॅनडात मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०१५ मधे छापलेल्या अभ्यासात आईवडिलांपैकी कोणीच चालत नसेल तर २२ टक्क्यांच्या आसपास मुलं चालली, एक जण चालत असेल तर ४७, आणि दोघंही असतील तर ६१. तुमच्या घरात ते वारशानं आलं आहे, बहुतेक मुलांचं वयात येताना आपोआप बंद होतं.

वही ठेवा, पण लपवून. पोरीला रोज सकाळी "काल काय केलं माहीत आहे का" असं विचारणं बंद करा, आणि पाहुण्यांसमोर सांगून हसणं तर आजपासून बंद. तिला रोज ठरलेल्या वेळी झोपवा, झोपायच्या आधी लघवीला पाठवा, आणि दोन आठवडे फक्त झोपल्यापासून किती वेळानं उठते तेवढं लिहा. वेळ ठरलेली निघाली तर त्याच्या थोडं आधी रोज उठवून संडासला नेऊन आणा, महिनाभर करून पाहा. दिवसाही कपड्यात लघवी होत असेल, जळजळ असेल, किंवा घोरत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझे मालक ६३ वर्षांचे. धानाची शेती आहे, साकोलीकडं. ते चालत नाहीत, पण पहाटे पहाटे झोपेत लाथा मारतात, ओरडतात, एकदा मला जोरात लागलं. उठवलं की लगेच जागे होतात अन सांगतात, डुक्कर अंगावर आलं होतं, मी हाकलत होतो. मुलगा म्हणतो झोपेत चालण्यासारखंच आहे, सोडून दे.

उत्तर : काकू, सोडून देऊ नका, हे चालण्यासारखं नाही. फरक तुम्हीच लिहून दिलाय: ते पहाटे होतं, गाढ झोपेच्या वेळी नाही तर स्वप्नांच्या झोपेत, हाक मारली की लगेच भान येतं, आणि स्वप्न जसंच्या तसं आठवतं. स्वप्नांच्या झोपेत एरवी आपले हातपाय ढिले पडलेले असतात, म्हणून आपण स्वप्नात पळतो पण खाटेवरून हलत नाही. काही जणांत, जास्त करून पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांत, ते ढिलं पडणं बंद होतं आणि माणूस स्वप्न अंगानं खेळतो. १९८६ मधे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा याला वेगळा आजार म्हणून नोंदवलं. पुढं अशा बऱ्याच लोकांत काही वर्षांनी पार्किन्सनसारखा, हातपाय कापण्याचा आजार निघतो, म्हणून मेंदूच्या डॉक्टरला एकदा दाखवणं भाग आहे. घाबरवत नाही, पण मुलाला हे वाचून दाखवा.

तुमच्या वहीत दोनच गोष्टी पाहिजेत, पहाटे किती वाजता आणि स्वप्न काय सांगितलं. सोबत हेही पाहा की वास येणं कमी झालंय का, चालताना एक हात कमी हलतो का, अक्षर बारीक झालंय का, बद्धकोष्ठ आहे का, हे डॉक्टर विचारतातच. तोवर तुम्ही वेगळ्या खाटेवर झोपा, त्यांची खाट बुटकी ठेवा किंवा खाली गादी टाका, उशाशी काठी आणि बॅटरी ठेवायची सवय असेल तर ती काठी उचला. मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी पण असं सुरू होतं, म्हणून नागपूरला किंवा भंडाऱ्याला जाल तेव्हा बीपी, शुगर, झोप, जी काही औषधं चालू आहेत त्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरून सोबत न्या.